मिठागरापासून तरणतलावापर्यंत : क्लोरीनच्या एका मापाचा इतिहास

तरणतलावाच्या दारातच नाकाला जो झोंबरा दर्प जाणवतो, त्याला लोक 'क्लोरीनचा वास' म्हणतात आणि पाणी स्वच्छ असल्याची ती खूण मानतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. तो दर्प लढून थकलेल्या क्लोरीनचा असतो. घाम, लघवी, त्वचेवरची घाण यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइने तयार होतात. डोळे चुरचुरतात ते त्यांच्यामुळे. नीट राखलेल्या तलावाला वास जवळपास नसतोच. (धागा)

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील संकुलांत, डोंबिवलीच्या वेशीपलीकडे वसलेल्या नव्या नगरांत, येऊरच्या पायथ्याच्या बंगल्यांत आज निळ्या फरश्यांचे तलाव दिसतात. सायंकाळी तलावाची देखभाल करणारा माणूस डब्यातून मापभर पांढरी भुकटी काढतो, बादलीत कालवतो आणि कडेकडेने पाण्यात सोडतो. या मापामागे सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात कापडाच्या गिरण्या आहेत, पटकीच्या साथी आहेत, अमेरिकेतील एक खटला आहे, युद्धातला विषारी वायू आहे आणि महाडचे एक तळेही आहे.

आरंभ मिठापासून करावा लागतो, आणि ठाण्याइतकी त्यासाठी योग्य जागा क्वचितच असेल. खाडीकाठच्या खाजणात बांध घालून भरतीचे पाणी कोंडायचे, उन्हाने आटवायचे आणि मीठ ओढायचे, हा इथला जुना व्यवसाय. ज्या जमिनीत हे काम चाले ते आगर. आगरी समाजाचे नाव त्याच शब्दाशी जोडले जाते. या मिठाचा निम्म्याहून अधिक भार क्लोरीनचा असतो. सोडियमशी घट्ट बांधलेले असेपर्यंत ते जेवणाला चव देते. मोकळे झाले की फुप्फुसे जाळते.

१७७४ मध्ये स्वीडनच्या कार्ल शीले या औषधविक्रेत्याने मिठापासून मिळणारे आम्ल मँगनीजच्या खनिजावर ओतले आणि हिरवट पिवळा, गुदमरवणारा वायू मिळवला. हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे हे मात्र १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने सांगितले. नाव त्यानेच दिले, रंगावरून.

या वायूचा पहिला उपयोग आरोग्यासाठी झाला नाही. तो झाला कापडासाठी. युरोपात सुती-तागी कापड पांढरे करायला ते आठवडेच्या आठवडे कुरणावर उन्हात पसरावे लागे. फ्रान्सच्या बर्थोले याने १७८५ च्या सुमारास दाखवले की क्लोरीन हेच काम फार थोड्या वेळात करते. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने तो वायू चुन्यात शोषून घेण्याची कृती पेटंट केली. तीच ब्लीचिंग पावडर. पुढे हिंदुस्थानच्या बाजारात जे पांढरेशुभ्र विलायती कापड ओतले गेले आणि ज्याने इथल्या विणकरांचे कंबरडे मोडले, त्याच्या शुभ्रतेत या भुकटीचा वाटा होता. पाणी शुद्ध करणाऱ्या वस्तूची ही पूर्वपीठिका सहसा कोणी सांगत नाही.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. रोगजंतूंची कल्पना तेव्हा रूढ नव्हती. प्रेतांचा वास हातावरून ज्याने जातो ते द्रव्य त्याने निवडले, इतकेच. वैद्यकविश्वाने त्याची उपेक्षा केली.

जंतू सापडला तो हिंदुस्थानात. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख कलकत्त्यात पटकीचा शोध घेत होता. ज्या वस्तीत साथ होती तिथल्या तळ्याच्या पाण्यातच त्याला पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू आढळला. त्याच तळ्यात लोक आंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. एकच पाणी पिण्याचे आणि पोहण्याचे असू शकत नाही, हे यातून उघड झाले. निदान व्हायला तरी हवे होते.

पुढच्या दशकात आग्र्याच्या प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हॅनबरी हँकिन याने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. पाणी गुलाबी होई, म्हणून औषध पडल्याचे डोळ्यांना दिसे. त्याच सुमारास भारतीय वैद्यकीय सेवेत व्हिन्सेंट नेसफील्ड नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. १९०३ च्या सुमारास त्याने सुचवले की क्लोरीन दाबाखाली द्रवरूप करून सिलिंडरांत भरावा, पाण्यात सोडावा आणि जंतू मेल्यावर उरलेला क्लोरीन दुसऱ्या रसायनाने काढून टाकावा. जगभरच्या जलशुद्धीकरण केंद्रांत पुढे जी पद्धत आली तिचे हे बीज. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र नेसफील्डला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

खरा कलाटणीचा प्रसंग अमेरिकेत घडला, तोही न्यायालयाच्या छायेत. न्यू जर्सीतील जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीवर शहराने दावा लावला होता : करारानुसार पाणी शुद्ध नाही. कंपनीने नदीच्या वरच्या अंगाला मलनिःसारणाच्या वाहिन्या बांधाव्यात अशी अपेक्षा होती. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी वेगळाच मार्ग धरला. २६ सप्टेंबर १९०८ पासून त्यांनी धरणाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. शहराची परवानगी घेतली नव्हती. पिण्याच्या पाण्यात 'विष' घालणे त्या काळी लोकांना अघोरी वाटे. विरोधी वकिलांनी त्यांना धारेवर धरले. पण पाण्याच्या चाचण्या लीलांच्या बाजूने होत्या आणि निकालही अखेर त्यांच्याच बाजूने लागला. काही वर्षांतच अमेरिकेतील शहरांमागून शहरे क्लोरीनकडे वळली आणि विषमज्वराचे मृत्यू ओसरू लागले. त्याआधी १९०५ मध्ये इंग्लंडच्या लिंकन शहरात अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी विषमज्वराच्या साथीत असाच प्रयोग केला होता, पण क्लोरीन कायमची सवय झाली ती जर्सी सिटीनंतर.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन याने पाण्याची आम्लता मोजण्यासाठी 'पीएच' ही मोजपट्टी मांडली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती; पोहण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. आणि १९१०-११ मध्ये अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठात जे. डब्ल्यू. एम. बंकर याने तिथल्या तरणतलावात क्लोरीनचे द्रावण टाकून जंतू मोजले. तलावात क्लोरीन घालण्याच्या पद्धतशीर प्रयोगांतील हा आरंभीचा प्रयोग. औषध, मोजपट्टी आणि तलाव ही तिन्ही अशी तीन वर्षांत एकमेकांजवळ आली. त्यांची खरी गाठ पडायला मात्र आणखी काही दशके जावी लागली.

मधे युद्ध आले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हजारो सिलिंडरांतून क्लोरीन वाऱ्यावर सोडला. चार दिवसांनी त्याच आघाडीवर हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला या वायूला तोंड द्यावे लागले. जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका आघाडीवर क्लोरीन माणसे मारत होता आणि दुसरीकडे सैन्याच्या पाण्याच्या टाक्यांत, ब्लीचिंग पावडरच्या रूपाने, तोच त्यांना वाचवत होता. मराठा पलटणी ज्या मेसोपोटेमियात लढल्या तिथे पटकीने थैमान घातले. १९१७ मध्ये बगदाद जिंकणारे सेनापती मॉड स्वतःच पटकीने गेले.

आता महाडकडे. चवदार तळे सार्वजनिक होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरीही पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, आणि सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले : शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या मिश्रणाच्या एकशेआठ घागरी पाण्यात ओतून.

रसायनशास्त्राच्या वहीत या कृत्याची नोंद कशी होईल? पाण्यात क्लोरीन टाकला की तो प्रथम सेंद्रिय घाणीवर खर्च होतो. या खर्चाला 'क्लोरीनची मागणी' म्हणतात. ती भागल्यावर जो उरतो तो 'उर्वरित क्लोरीन', आणि रक्षण करतो तो हाच. शेण आणि दूध यांनी पाण्याची ही मागणी वाढते. म्हणजे ज्या तळ्याला माणसाच्या ओंजळीने काहीच झाले नव्हते, ते त्या घागरींनी मात्र खरोखर अस्वच्छ झाले. तळ्याच्या हक्काचा दावा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकालात काढला.

शुद्ध पाण्याच्या या दोन कल्पना, एक स्पर्शाची आणि एक जंतूंची, विसाव्या शतकात बराच काळ शेजारी शेजारी नांदल्या. मुंबईच्या ब्रीच कँडी येथील तरणतलाव कित्येक दशके केवळ युरोपियनांसाठी होता. चौपाटीजवळच्या एका तलावाच्या नावातच 'हिंदू' शब्द होता. पाण्यात क्लोरीन असूनही वाटणी कायम होती. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलासारखे नगरपालिकांचे तलाव, जिथे तिकीट काढून कोणीही उतरू शकतो, ही या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

स्वातंत्र्यानंतर कल्याणभोवती क्लोरीन दुसऱ्याच वाटेने आला. मोहोन्याची नॅशनल रेयॉन आणि शहाडची सेंच्युरी रेयॉन हे दोन्ही कारखाने कृत्रिम रेशीम काढत. त्यासाठी कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो मिळतो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून. या क्रियेत कॉस्टिकबरोबर क्लोरीन आपोआप निघतो. एक हवा असेल तर दुसरा घ्यावाच लागतो. स्वस्त क्लोरीन, ब्लीचिंग पावडर आणि तलावांत पडणारे द्रवरूप हायपोक्लोराइट यांच्यामागे हे साधे औद्योगिक गणित आहे.

हे कारखाने उल्हास नदीच्या काठी उभे राहिले, आणि त्याच नदीतून मोहिली, बारावे, नेतिवली ही कल्याण-डोंबिवलीची जलशुद्धीकरण केंद्रे आणि ठाणे-भिवंडीला पाणी देणारे शहाड-टेमघर प्राधिकरण पाणी उचलतात. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, सांडपाण्याचा अमोनिया वाढतो आणि केंद्रांत क्लोरीनचा खर्चही वाढतो. शेजारची वालधुनी तर पाहवत नाही. तिच्या काठी अंबरनाथचे शिवालय १०६० पासून उभे आहे. नऊशे वर्षांहून अधिक काळ जिच्या पाण्याने देव न्हाला, ती आज रसायनांचा नाला झाली आहे.

याच जिल्ह्यातील खेड्यांत क्लोरीनचे नाव वेगळे आहे : टीसीएल. 'ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम' हे त्याचे पूर्ण रूप. दमट, उष्ण हवेत साधी ब्लीचिंग पावडर लवकर मरते, म्हणून जास्त टिकाऊ केलेला हा प्रकार. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली की तो उडून जातो आणि उरतो केवळ चुना. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम या मापाने टीसीएल घालतो, तासभर थांबतो, नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात ओ.टी.चे थेंब टाकतो आणि पिवळा रंग येतो का ते पाहतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ज्या गावांची तपासणी नापास होते त्यांना लाल कार्ड मिळते. नागपूरच्या संशोधन संस्थेने, जी आज नीरी म्हणून ओळखली जाते, विहिरींसाठी दुहेरी मडक्याची युक्ती काढली : मडक्यात पावडर आणि वाळू, त्याला लहान भोक, आणि मडके विहिरीत टांगलेले. औषध दोन-तीन आठवडे आपसूक झिरपत राहते. तलावात तरंगणारी निळी-पांढरी क्लोरीनची डबी पाहिली की हे मडके आठवावे.

घरचा तलाव त्या विहिरीपेक्षा अवघड. ठाण्याच्या मासुंद्यासारख्या तळ्यात मासे असतात, वनस्पती असतात. ते आपला समतोल बऱ्यावाईट रीतीने स्वतः सांभाळते. फरश्यांचा तलाव हे निर्जीव पाणी. त्याचा सगळा समतोल माणसाच्या हाती, आणि तिथे सोरेनसनच्या मोजपट्टीशिवाय पान हलत नाही.

पाण्यात विरघळलेला क्लोरीन दोन रूपांत राहतो. एक हायपोक्लोरस आम्ल, जे जंतूंना झपाट्याने मारते. दुसरा त्याचाच आयन, जो कामाला फार मंद. पीएच ७.५ असेल तर दोघे साधारण निम्मे निम्मे. तो ८ वर गेला की कामाचा भाग जेमतेम चौथाई उरतो. म्हणजे पावडर तेवढीच पडली, पैसे तेवढेच गेले आणि संरक्षण अर्ध्यावर आले. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळा क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम हा दंडक. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात ७० हजार लिटर पाणी मावते. त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायला शुद्ध क्लोरीन लागतो ७० ग्रॅम, म्हणजे ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे २१२ ग्रॅम. अंदाजाने मूठ टाकणाऱ्याचे हे गणित हमखास चुकते.

प्रत्येक औषधाचा आपला एक स्वभाव आहे. ब्लीचिंग पावडर आणि द्रव हायपोक्लोराइट पीएच वर ढकलतात. टीसीसीए नावाच्या गोळ्या तो खाली ओढतात आणि बरोबर सायन्युरिक आम्ल सोडतात. हे आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते, कारण उघड्या पाण्यातला क्लोरीन कडक उन्हात काही तासांत नाहीसा होतो. पण गोळ्या चालूच राहिल्या की ते साठत जाते आणि क्लोरीनला जखडून ठेवते. चाचणीत क्लोरीन दिसतो, पाणी मात्र हिरवे पडते. मग अर्धे पाणी बदलण्यावाचून उपाय नसतो, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या संकुलात तो उपाय किती महाग पडतो हे रहिवाशांना ठाऊक आहे.

पावसाळ्याचे गणित वेगळेच. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच मीटर पाऊस पडतो. दीड मीटरही खोल नसलेल्या उघड्या तलावावर चार महिन्यांत तलावाच्या खोलीहून अधिक पाणी आकाशातून पडते. साठलेले सायन्युरिक आम्ल त्यामुळे फुकटात पातळ होते खरे, पण पाण्याची क्षारता, जी पीएचला खांब देते, तीही वाहून जाते. मग पीएच दर सरीगणिक डोलू लागतो आणि खायचा सोडा घालून त्याला पुन्हा टेकू द्यावा लागतो. इंग्रजी पुस्तिकांतले आठवड्याचे वेळापत्रक जुलैच्या ठाण्यात चालत नाही ते यामुळे.

आणि ईप्रचा वायू तलावाच्या कोठीतही दबा धरून असतो. पीएच उतरवायला ठेवलेले हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायपोक्लोराइट एका बादलीत पडले की क्लोरीन तत्काळ बाहेर येतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईच्या शिवडी भागात बंदराच्या आवारात बेवारस पडलेल्या जुन्या सिलिंडरातून क्लोरीन गळला. शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून दोन्ही औषधांचे कॅन वेगवेगळ्या भिंतींना असावेत, मापे वेगळी असावीत आणि नेहमी पाण्यात औषध टाकावे, औषधात पाणी ओतू नये.

क्लोरीनवरचा आक्षेपही जुना आहे. १९७४ मध्ये नेदरलँड्सच्या योहानेस रूक याने दाखवले की पाण्यातील कुजक्या पालापाचोळ्याशी संयोग पावून क्लोरीन क्लोरोफॉर्मसारखी घातक द्रव्ये बनवतो. त्यावर उत्तर निघाले ते क्लोरीन सोडण्याचे नव्हे, तर घाण आधी काढण्याचे : गाळणी, तुरटी, आणि तलावात उतरण्यापूर्वी साबण लावून आंघोळ. तरणतलावाच्या पाटीवरचा सर्वांत दुर्लक्षित नियम हाच असतो. जो न्हाऊन उतरत नाही तो आपल्याबरोबर क्लोरीनची मागणी घेऊन उतरतो, आणि थोड्या वेळाने डोळे चोळत 'आज क्लोरीन फार टाकलाय' अशी तक्रारही बहुधा तोच करतो.

शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तिथले पाणी मोठमोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईकडे वाहत जाते. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात बाया खोल गेलेल्या विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात. जूनमध्ये पहिल्या पावसाचा गढूळ लोट त्याच विहिरींत शिरतो आणि गॅस्ट्रोची साथ येण्याचे दिवस सुरू होतात. तेव्हा जलसुरक्षकाच्या पिशवीतली भुकटी जिवंत आहे की तिचा केवळ चुना झाला आहे, हे परीक्षानळीतल्या त्या पिवळ्या रंगावरून कळते.